दोनच विषय

त्या सकाळी वारा असा पिसाळला होता की रस्त्यावरच्या कुत्र्यांनीसुद्धा भुंकायचं सोडलं होतं. भुंकून उपयोग काय, ऐकू कुणाला जाणार? विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या मागे तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या तळाशी पाणी जायची एक जाळी. वारा सुटला की आवारातल्या सगळ्या झाडांची पानं ठरवून तिथेच येऊन बसत. वर पाऊस आला की पाणी उंबरा ओलांडून थेट आत शिरे. म्हणून आत्यांचा दिवस वाकूनच सुरू व्हायचा. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या, एका हाताने कठडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने तो कुजका लगदा उपसून बादलीत टाकायचा. झाडूवाला होता, पण तो वरच्या मजल्यांचा. तळघर कुणाच्याच वाटणीला आलेलं नव्हतं.

"आत्या, तुम्हाला पगार पोरं सांभाळायचा देतात की गटार काढायचा?" वरून हाळी आली.

"एकच काम आहे रे ते," आत्या मान वर न करता म्हणाल्या. "तुंबलेलं मोकळं करायचं."

हाळी देणारा परीक्षा विभागातला कारकून होता. निकाल संगणकावर चढवायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला निकालवाला म्हणत. रोज जाता जाता एखादा टोमणा टाकायचा आणि पुढे जायचा. आज गेला नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत उभा राहिला. चष्मा स्वच्छच होता.

आत्यांनी हातातली पानं बादलीत टाकली. "कोण?"

"कोटवाली."

"रसायन गेलं?"

"रसायन सुटलं. असं सुटलंय की मी दोनदा तपासून पाहिलं. दुसरा गेला."

आत्या तशाच पायरीवर टेकल्या. पायरी ओली आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आता आत्यांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांना भाऊ नव्हता. एक थोरली बहीण तेवढी होती, अक्का. भाऊ नसताना आत्या झालेली जगात मी एकटीच, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. आधी त्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत होत्या. पुढे विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी आधार कक्ष काढला, तो चालवायला कुणी तयार होईना, तेव्हा यांना खाली पाठवलं. पहिल्याच वर्षी एका धिप्पाड पोराने, नापास झाल्यावर इथेच ढसाढसा रडून घेतल्यावर, नाक पुसत विचारलं होतं, "तुम्हाला आत्या म्हणू का? माझी आत्या पण अशीच ओरडते." तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पोरं म्हणत, शिपाई म्हणत, खुद्द कुलसचिवसुद्धा एकदा भर बैठकीत म्हणून गेले आणि मग खोकले.

खोली म्हणजे काय, एक टेबल, तीन खुर्च्या, आणि छतावरून गेलेला गरम पाण्याचा जाड पाइप. पाइप मधूनच गुरगुरायचा. नवी पोरं दचकायची. "भुकेलाय तो," आत्या सांगायच्या. "तू काही खाल्लंस का?" बोलायला सुरुवात तिथून व्हायची. शिक्षकांनी पाठवलेला पोरगा आधी अभ्यासाचं बोलतच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तो आधी जेवणाचं बोलतो, मग खोलीतल्या जोडीदाराच्या घोरण्याचं, मग घरच्या फोनचं. अभ्यास सगळ्यात शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत वाट बघणं एवढीच काय ती यातली विद्या.

नियम मात्र वाट बघत नसे. एका सत्रात घेतलेल्या विषयांपैकी निम्मे किंवा निम्म्याहून जास्त गेले, की ते सत्र बुडालं. एक बुडालं तर इशारा मिळायचा आणि आत्यांकडे पाठवणी व्हायची. लागोपाठ दुसरं बुडालं की नाव कमी. परदेशी पोराचं नाव कमी झालं की व्हिसाही गेला. बोचकं बांधा आणि चालू लागा. इथलीच पोरं वर्षानुवर्षं गटांगळ्या खात राहत, त्यांना पाण्याबाहेर काढायची कुणाला घाई नव्हती. परक्या पोराने मात्र ठरल्या वेळात पैलतीर गाठायचा, नाहीतर आल्या काठाला परत.

कोटवाली औषधशास्त्राला होती. थोरल्या भावाचा कोट अंगात घालून फिरायची, त्याच्या बाह्या बोटांच्याही खाली यायच्या, म्हणून हे नाव. पहिल्या सत्रात चार विषय घेतले, दोन गेले. इशारा घेऊन आली तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू पूर्ण बसायची परवानगी नाही.

"झोपतेस?"

"हो."

"जेवतेस?"

"हो."

"वर्गात कळतं?"

"हो."

"मग नापास कशाने झालीस गं?"

यावर मात्र "हो" लागू पडेना. ती नुसती पाइपकडे बघत राहिली आणि मग तिचा बांध फुटला. वर्गात सर बोलतील तो शब्दन् शब्द ती उतरून घ्यायची, आणि खोलीवर येऊन एकेका शब्दाचा अर्थ शोधत बसायची. अर्थ सापडेपर्यंत दुसऱ्या दिवसाचा वर्ग उभा. झोप नावाची गोष्ट तिने कधीच सोडून दिली होती. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडलीही होती, पण उठून, कोट झटकून वर्गात गेली. कुणाला सांगितलं नाही.

आत्यांनी ठरवलं, हिचं ओझं कमी करायचं. पुढच्या सत्राला चाराऐवजी दोनच विषय. याला विभागप्रमुखांची परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. आत्या तीनदा वर गेल्या, एकदा हात जोडून आणि दोनदा भांडून, आणि परवानगी घेऊनच खाली उतरल्या. एक विषय रसायन, म्हणजे हिच्या उरावर बसलेला राक्षस. दुसरा औषधांविषयीचे कायदे, म्हणजे सगळ्यांना सोपा जाणारा.

तेव्हा निकालवाल्याने हटकलं होतं. "आत्या, तीन ठेवा. तिनातला एक गेला तर तिसरा हिस्सा गेला, चालतं. दोनातला एक गेला की सरळ निम्मं. काठावर बसवताय पोरीला."

"तीन घेतले तर तिन्ही जातील. झोपत नाही रे ती. तिच्या जिवाचं बघू की तुझ्या अपूर्णांकांचं?"

"मग निदान तिला तसं सांगून ठेवा."

"आणि काय करू? आधीच घाबरून अर्धी झालीय, उरलेली अर्धी पण घालवू?"

त्यांनी सांगितलं नाही. वर उलट म्हणाल्या, "कायद्याची काळजी सोड. तो खिशातलाच समज. सगळा जीव रसायनात घाल." मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, अशा घरातली पोरगी. तिने ऐकलं. सगळा जीव रसायनात घातला. घाट चढून गेली आणि सपाटीवर पाय मुरगळला. कायद्यात थोडक्यात गेली. पण थोडक्यात बुडालेल्याला कुणी तरला म्हणत नाही.

निकालवाला वर गेला. आत्या हात धुऊन आत जाऊन बसतात न बसतात तोच पायऱ्यांवर पळत येणारी पावलं वाजली. दार उघडलं आणि वाऱ्यासकट कोटवाली आत आली. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि आत्यांनी तिच्या चेहऱ्यावर आजवर कधी न पाहिलेली गोष्ट. ती हसत होती.

"आत्या! रसायन सुटलं!"

आत्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"मागच्या वेळी दोन गेले होते, या वेळी एकच. पुढच्या वेळी एकही नाही जाणार, बघा तुम्ही." ती खुर्चीत बसली. या वेळी पूर्ण बसली. "मी आधी तुम्हालाच सांगायला आले. घरी पण नाही कळवलं अजून."

"आधी श्वास घे," आत्या म्हणाल्या. "बस."

"बसलेच आहे की."

मग आत्यांनी सांगितलं. दोनातला एक म्हणजे निम्मं, निम्मं म्हणजे सत्र बुडालं, आणि हे दुसरं सत्र. सांगताना त्यांनी टेबलावरचे दोन पेन शेजारी शेजारी ठेवले आणि त्यातलं एक उचललं. पोरगी त्या उरलेल्या पेनाकडे बघत राहिली. हसू एकदम गेलं नाही. दिवा विझल्यावरही डोळ्यांपुढे उजेड रेंगाळतो, तसं ते थोडा वेळ तिच्या ओठांवर विनाकारण राहिलं.

"पण कमी गेले ना," ती हळूच म्हणाली. "आधीपेक्षा कमी गेले."

"हो गं. कमी गेले."

नाव कमी करण्याआधी समितीपुढे दाद मागता येत असे. पण कारणं तीनच चालायची. गंभीर आजार, घरातलं मरण, किंवा विद्यापीठाचीच चूक. आत्यांनी एकेक दार ठोठावून पाहिलं.

"आजारी होतीस?"

"नाही."

"घरी कुणाचं काही बरंवाईट?"

"नाही. सगळे बरे आहेत." आपल्या घरचे सगळे धडधाकट असल्याची त्या पोरीला त्या दिवशी लाज वाटली असावी. तिने मान खाली घातली.

"मग उरलं तिसरं," आत्या म्हणाल्या. "विद्यापीठाची चूक. म्हणजे माझी."

त्या संध्याकाळी घरी अक्काने ओळखलंच. अक्काचे गुडघे गेलेले. दिवसभर खिडकीशी बसून ती गल्लीतल्या माणसांच्या चालीवरून त्यांच्या घरातली भांडणं सांगू शकायची. बहिणीची चाल तर तिने फ्रॉकपासून बघितलेली.

"आज कुठलं पोर नापास झालं?"

"अक्का, मी समितीपुढे सांगणार आहे. चूक माझी म्हणून. मी धोका लपवला म्हणून."

"छान. नोकरीला काडी लाव."

"नोकरी नाही जाणार. बोलणी खाईन."

"आणि तुझी ती कोटवाली राहील?"

"राहील. नियमातच आहे तसं."

अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला वाटतं तितकं सगळं सोपं असतं ना, तर तू तळघरात नसतीस, वरच्या मजल्यावर असतीस." मग जरा थांबून, "जेव आधी. उपाशी पोटी चूक कबूल केली तर खोटी वाटते," असं म्हणून तिने ताट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. आत्यांनी अर्ज लिहून दिला, वर त्याचं पाठांतरही.

"ते विचारतील, मदत मिळाली का? काय म्हणशील?"

"मिळाली."

"मिळाली, पण?"

"पण..." इथे तिचा आवाज दरवेळी विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा.

"पण सल्ला चुकीचा मिळाला. दोन विषय घेतले तर धोका आहे, हे आधार कक्षाने सांगितलं नाही. म्हण."

"सांगितलं नाही."

"कुणी?"

"आधार कक्षाने."

"अगं, खरंच आहे ते! मी सांगितलं होतं का तुला?"

"नव्हतं."

"मग खरं बोलायला जीभ का जड होते?"

पोरीने कोटाच्या बाह्या ओढून बोटं झाकून घेतली. "म्हणेन मी, आत्या. तुम्ही सांगताय ना, म्हणेन."

समिती वरच्या मजल्यावर बसली. मोठ्या खिडक्या, गुळगुळीत टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. अध्यक्ष वयस्कर प्राध्यापक होते, सर्दीने बेजार. माणूस वाईट नव्हता. पोरीला पाहताच त्यांनी खिडकी लावून घ्यायला सांगितलं, तिला वारा लागेल म्हणून. त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, बारीक अक्षरात काहीतरी लिहीत. आत्या पोरीच्या मागे, भिंतीकडच्या खुर्चीत होत्या.

"घाबरू नकोस," अध्यक्ष म्हणाले. "मला एवढंच सांग, तुला मदत मिळाली का?"

"मिळाली," पोरगी म्हणाली.

आत्या मनातल्या मनात म्हणाल्या, पण.

पोरीने मागे वळून बघितलं. आत्यांनी मान हलवली. म्हण. पोरीने पुन्हा पुढे पाहिलं आणि बाह्यांत हात लपवले.

"खूप मिळाली," ती म्हणाली. "आत्यांनी घरच्या माणसासारखं केलं."

"अर्जात तर सल्ला चुकला असं लिहिलंय."

"तसं नाही सर. सल्ला बरोबर होता. मीच कायद्याचा अभ्यास कमी केला. चूक माझी आहे."

आत्या ताडकन उठल्या. "साहेब, खोटं बोलतेय ती! दोनातला एक गेला तर काय होतं हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. कायदा सोपा आहे म्हणून मीच तिला गाफील ठेवलं. या परीक्षेत मी नापास झालेय, ती नाही."

अध्यक्षांनी रुमालात नाक शिंकरलं आणि आत्यांकडे खरोखरच आदराने पाहिलं. "बाई, बसा. मला तुमचं कौतुक वाटतं. दर आठवड्याला तुम्ही हिला भेटलात, हिच्यासाठी भांडून सवलत आणलीत, आता स्वतःवर आळ घ्यायलाही उभ्या राहिलात. याहून जास्त आधार कुठल्या विद्यार्थ्याला मिळतो? याला आम्ही अपुरी मदत म्हणालो, तर ज्यांना काहीच मिळत नाही त्यांना काय तोंड दाखवू?"

"आणि विद्यार्थिनी स्वतःच सांगतेय," शेजारच्या बाई म्हणाल्या. त्याही वाईट नव्हत्या.

झालं. कौतुक ऐकून माणसाला ओकारी येऊ शकते, हे आत्यांना त्या गुळगुळीत टेबलासमोर कळलं. निर्णय तिथेच झाला. उपचार म्हणून तेवढं दोघींना बाहेर बसवून पुन्हा आत बोलावलं.

जिन्यात आत्यांनी पोरीचा दंड धरला. "का गं? एवढं घोकून घेतलं तुझ्याकडून! एक वाक्य होतं. एक!"

"तुमच्या तोंडावर कसं म्हणू?"

"मीच सांगितलं होतं ना म्हणायला!"

"तुम्ही सांगाल हो," पोरगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. "पण आत्याला असं म्हणतं का कुणी? चार लोकांत?"

आत्यांना वाटलं हिच्या एक मुस्काटात द्यावी. वाटलं हिला जवळ घ्यावं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. धरलेला दंड सोडला आणि कठडा धरला. टेबलापलीकडची एखादी रुक्ष बाई असते मी, त्यांच्या मनात आलं, तर ही सरळ माझं नाव घेऊन मोकळी झाली असती. राहिली असती.

आधार कक्षात परत आल्यावर पोरीने एकच गोष्ट मागितली. "बाबांशी तुम्ही बोलाल? मला नाही जमणार." मग खाली बघून म्हणाली, "मी घरी चार विषयच सांगितलेत. दोन केले हे त्यांना माहीत नाही."

आत्यांनी फोन लावला. पलीकडून मोठा, मोकळा आवाज आला. मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

"आत्याबाई का? बोला, बोला! पोरगी रोज तुमचंच गुणगान करते. तुम्ही आहात म्हणून आम्ही इथे निवांत झोपतो बघा."

"एक सांगायचं होतं," आत्या म्हणाल्या.

त्या स्वरात काय होतं कोण जाणे. माणसाचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "जरा थांबा हं. हिच्या आईला बाहेर पाठवतो." भांड्यांचा आवाज थांबला. एक दार लागलं. "हां. सांगा आता."

आत्यांनी सांगितलं. काही न लपवता, सगळं, या वेळी स्वतःचं पण.

"पुन्हा एकदा परीक्षेला बसता नाही येत?"

"नाही."

"कुणाला भेटून, हातापाया पडून? मी येऊ का?"

"नाही हो. उपयोग नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." फोन ठेवण्याआधी एवढंच विचारलं, "तिकडे थंडी आहे ना अजून? तिला म्हणावं, निघताना कानाला बांधून नीघ."

आत्यांनी निरोप दिला. पोरीने तो ऐकला, सोडायला मात्र येऊ नका म्हणाली, खुर्ची उचलून, आवाज न करता, पूर्वी होती तिथे सरकवून ठेवली आणि खोली रिकामी करायला गेली. पायऱ्या ती सावकाश चढली. आत्यांना वाटलं होतं हाक मारावी, निदान काहीतरी सांगावं. इतकी वर्षं या खोलीत त्यांच्याकडे प्रत्येकासाठी काही ना काही सांगायला असायचं. आज पाइपसुद्धा गप्प होता.

संध्याकाळी घरी आल्या तर अक्का खिडकीशीच होती. तिने चाल बघितली होती. त्यामुळे काही विचारलं नाही. पुष्कळ वेळाने म्हणाली, "कधी जाणार ती?"

"आठवड्याभरात."

"सोडायला जाशील?"

"ती नको म्हणाली."

अक्काने गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. "शहाणी आहे पोरगी," ती म्हणाली. शहाणपणाने काय झालं हे दोघींनाही ठाऊक होतं.

न्हाणीघरातलं कपडे धुण्याचं यंत्र केव्हाचं थांबलं होतं. आत्यांनी झाकण उघडलं. ओल्या चादरी एकमेकींत गुरफटून दोरखंड झालेल्या. त्यांनी एक टोक सापडवलं, ओढलं, ते दुसऱ्याच चादरीचं निघालं.

"हवा दमट आहे," आतून अक्का ओरडली. "घट्ट पिळून घाल, नाहीतर उद्या वास मारतील."

"पिळते," आत्या म्हणाल्या आणि पहिली चादर दोन्ही हातांनी पिळायला लागल्या.